हिरवे आकडे

दारव्ह्याहून बोरीअरबकडे येताना, गाव लागायच्या अलीकडे, सोयाबीनचं तेल काढणारा एक कारखाना आहे. पाटीवर त्याचं लांबलचक नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. सगळा मुलूख त्याला सालवंट म्हणतो, सॉल्व्हंट प्लांटमधल्या सॉल्व्हंटचं सालवंट. सोयाबीन चेपून त्याचे पापुद्रे करायचे, त्यांच्यावर हेक्झेन नावाचं पेट्रोलच्या जातीचं रसायन सोडायचं, त्यानं तेल ओढून घेतलं की वाफेच्या आचेवर रसायन उडवून परत धरायचं आणि खाली राहिलेलं तेल टाकीत सोडायचं, असा तो धंदा. रसायन फिरून फिरून वापरात येतं. थोडं कुठून तरी निसटतं. निसटलेलं दिसत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ठिणगीनं पेटणारी, छातीत गेली तर चक्कर आणणारी. ती वर जात नाही, जमीन धरून सरपटते, नालीत उतरते, खड्ड्यात दबा धरून बसते.

सत्यशीला मनवर या कारखान्याचा सर्व्हर सांभाळते. बाप गवंडी होता. त्यानं लोकांच्या भिंती उभ्या करता करता पोरीला यवतमाळच्या तंत्रनिकेतनात घातलं. पुढे दारव्ह्याला कंप्युटर क्लासात शिकवून शिकवून तिचा घसा बसला, तेव्हा ती सालवंटला लागली. अंगानं किडकिडीत, चालणं भरभर, डबा खायचा तोही उभ्यानं. बोलणं कमी, पण बोलली तर समोरच्याला दिवसभर पुरेल असं. दर सोमवारी कोणी ना कोणी आपला पासवर्ड विसरून तिच्या दारात उभा. गेटवरच्या विक्कीला ती एकदा म्हणाली होती, बायकोचं नाव बरं इसरत नाईस. त्यावर विक्की म्हणाला, बायकोचं नाव दर महिन्याले बदलव म्हनत नाई ना कोनी मॅडम.

हे पासवर्ड, ही नावं जिथं राहतात ती सर्व्हरच्या पोटातली डिरेक्टरी. कारखान्यातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक कंप्युटर तिच्यात नोंदलेला. कोण कुठला, कोणाला काय उघडता येतं, कोणाला नाही, सगळं ती सांगणार. सकाळी कामावर आलेला माणूस कंप्युटरपुढे बसला, की कंप्युटर आधी तिला विचारतो, हा आपलाच ना? ती हो म्हणाली तर काम. ती गप्प राहिली तर त्या दिवशी कोणीच कोणाचा नाही.

सत्यशीलाचा नवरा श्रावण याच कारखान्यात. आधी तो बॉयलरवर होता, गेल्या पावसाळ्यात त्याला रसायनाच्या शेडात टाकलं. त्या शेडात जमिनीलगत वाफ हुंगणारी यंत्रं बसवलेली आहेत. कामगार त्यांना नाकं म्हणतात. प्रत्येक नाकाचा एक आकडा कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतो. हिरवा म्हणजे ठीक, वीसच्या वर पिवळा, चाळीसच्या वर लाल, आणि मग कंप्युटरच भोंगा वाजवतो. शेडात काम करणाऱ्याला स्वतःच्या नाकाचा उपयोग नाही. रोज त्याच वासात वावरून ते मरून जातं. श्रावणचा जीव त्या आकड्यांच्या भरवशावर, आणि ते आकडे सत्यशीलाच्या सर्व्हरच्या भरवशावर. घरात हे कधी बोललं जात नसे. दोघांनाही माहीत होतं, म्हणून.

खंडेनवमीच्या सकाळी मनवर मंडळी नागपूरला निघाली. दरसालची रीत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, आदल्या रात्री सत्यशीलाच्या बहिणीकडे इंदोऱ्यात मुक्काम करायचा. सोबत श्रावण, लेक समीक्षा आणि सासू. इकडे सालवंटला दोन दिवस सुट्टी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी यंत्रांना हात लावायचा नाही, त्यांना आराम. हे काम मारोतीबुवांचं. ते कारखान्याचे जुने वायरमन. प्रत्येक मोटारीला ते ओल्या फडक्यानं पुसत, हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत, आणि हात जोडून तिचा खटका खाली करत.

सर्व्हर आजवर त्यांच्या वाट्याला आला नव्हता. तो ऑफिसातल्या कपाटात होता. या पावसाळ्यात ऑफिसचं छत गळायला लागलं, म्हणून तो मारोतीबुवांच्या पॅनेलच्या खोलीत हलवला. बुवांना तो आपल्याच लेकरांतला एक वाटू लागला. बारा महिने चालू, दिवस नाही रात्र नाही. त्याला कसली सुट्टी? बुवांनी सत्यशीलाला फोन लावला, यालाही बंद करू काय, असं विचारायला. पुन्हा लावला. ती गर्दीत, सासूचा हात धरून चालत होती. फोन पिशवीच्या तळाशी. बुवांनी फूल वाहिलं, हात जोडले आणि भिंतीवरचा खटका ओढला. खाली ठेवलेली बॅटरी टूं टूं करू लागली. लेकरू रडते म्हणून त्यांनी तिचंही बटण दाबलं. सर्व्हर त्या वेळी काही लिहीत होता. अर्ध्या ओळीवर त्याचा हात तुटला.

दसरा झाला. कारखाना उघडला तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं आणि सोयाबीनचे ट्रक कुंपणाच्या भिंतीला धरून पार रस्त्यापर्यंत उभे होते. सर्व्हर चालू व्हायचा, थोडा दम धरायचा, निळा पडायचा, पुन्हा पहिल्यापासून. एकाही कंप्युटरवर एकाही माणसाचं नाव चालेना. कंट्रोल रूमचा पडदा बंद, म्हणजे नाकांचे आकडे बंद.

सत्यशीलानं मारोतीबुवांना सांगितलं काय झालं ते, तेव्हा ते स्टुलावर बसले.

"पोरी, म्या त नुसतं निजवलं होतं त्याले."

"काका, त्याले निजवाची रीत येगळी असते. मले इचारायचं ना."

"इचारलं ना. तूच फोन उचलला नाईस."

सत्यशीलानं खुर्ची ओढली. ती सर्व्हरपुढे बसली. डिरेक्टरी न उघडता नुसता सर्व्हर चालू करायची एक सोय असते, दुरुस्तीसाठी ठेवलेली, तिचा पासवर्डही निराळा. त्या वाटेनं ती आत गेली. तुटक्या फाइलची जशीच्या तशी एक नक्कल आधी बाजूला काढली. मग सौम्य उपाय केला. शेवटच्या दिवसात काय काय लिहिलं गेलं ते सर्व्हर वेगळंही टिपून ठेवतो, ते परत वाचून फाइल जुळते का पाहिलं. जुळली नाही. टिपणाचाच शेवट फाटलेला.

आता दोन रस्ते उरले. एक, डिरेक्टरीची उन्हाळ्यात काढलेली प्रत परत बसवायची. ती बोरीला तिच्या घरी, डिस्कमध्ये होती. नंतरच्या प्रती ज्या डिस्कवर निघत ती पावसाळ्यात बंद पडली, आणि नवी मागवू मागवू म्हणता राहून गेली. जुनी प्रत बसवली तर उन्हाळ्यानंतर लागलेले लोक तिच्यात नसणार आणि एकेका कंप्युटरची नव्यानं ओळख करून द्यावी लागणार. दिवस जाणार. दुसरा रस्ता जबरीच्या दुरुस्तीचा. फाइलमधली फाटकी पानं फेकायची आणि उरलेली शिवून टाकायची. काम लवकर होतं, पण काय फेकलं ते कोणी सांगत नाही.

सत्यशीला मारोतीबुवांना हे सांगत होती, ते मालकाचा पुतण्या पिंटूभाऊ दारात उभा राहून ऐकत होता. कारखान्याचा कारभार त्याच्याकडे. तो काही वाईट माणूस नाही, पण ट्रकवाले, व्यापारी आणि काका असे तिन्ही बाजूंनी त्याला टोचत होते, आणि वरून पाऊस कोसळला तर ताडपत्रीखालचं सोयाबीन भिजणार होतं.

"दोन रस्ते हायेत म्हनतं ना ताई, मंग जवळचा धर."

"जवळच्यानं गेलं त काय सांडते ते समजत नाई भाऊ."

"सांडलं त मागून उचलू. आधी चालू त कर."

तिनं जबरीचा हुकूम दिला. यात माहिती जाऊ शकते, पुढे जायचं का, असं सर्व्हरनं विचारलं. तिनं हो दाबलं. दुरुस्ती झाली. यानंतर आणखी एक तपासणी करायची असते. फाइल शिवली गेली, पण आतली नावं आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती शाबूत आहेत का, ते पाहायचं असतं. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, पिंटूभाऊ दर घटकेला दार लोटत होता. तपासणी जेवल्यावर करू, असं तिनं ठरवलं आणि सर्व्हर चालू केला.

चालला. विक्कीचं नाव चाललं, वजनकाट्याचं चाललं, कंट्रोल रूमचा पडदा उजळला. नाकांचे आकडे हिरवे झाले. पिंटूभाऊनं सगळ्यांना चहा पाजला. मारोतीबुवांनी सर्व्हरला लांबूनच नमस्कार केला. शेडातली मोटार घरघरली, आणि कारखाना दसऱ्यानंतरचा पहिला श्वास घ्यायला लागला.

दुपारी सत्यशीला डबा उघडून उभी होती, तेव्हा श्रावणचा फोन आला. तो एक फेरी मारून कंट्रोल रूममध्ये टेकला होता. जेवली काय, समीक्षाले पाठवलं काय शाळेत, असं बोलता बोलता तो म्हणाला,

"आज लय शांत हाये व. एक बी आकडा हलून नाई राह्यला."

"कोन्ते आकडे?"

"नाकाचे. सारे शून्याले चिकटून बसले. म्या म्हटलं, दसऱ्याचा आराम मानवला."

सत्यशीलानं घास खाली ठेवला. नाकं कधीच अशी बसत नाहीत. बाहेरून ट्रॅक्टर गेला तर एक होतो, कोणी फडक्यानं पाइप पुसला तर तीन होतो, परत शून्य. दिवसभर ती अशी फुरफुरत असतात, जित्या जनावरासारखी. शांत नाक तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं डिरेक्टरी उघडली. नाकांचे आकडे गोळा करणारा जो प्रोग्राम होता, त्याला सर्व्हरमध्ये शिरायला स्वतःचं एक नाव दिलेलं होतं. ते नाव कोणा माणसाचं नव्हतं. ते कधी पासवर्ड विसरत नव्हतं, कधी दारात येऊन उभं राहत नव्हतं. म्हणून सकाळी ते आलं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं शोधलं. ते नव्हतं. फाटक्या पानाबरोबर गेलं होतं. प्रोग्रामला कोणी आत घेत नव्हतं, आकडे येत नव्हते, आणि आकडा आला नाही तर पडदा शून्य दाखवायचा. हिरवं शून्य.

ती पटांगण ओलांडून कंट्रोल रूमला गेली. धावली नाही. धावलं तर लोक धावतात. श्रावणला तिनं बाजूला घेतलं आणि नमुन्याच्या बाटलीतलं रसायन फडक्यावर घेऊन शेडाच्या दाराजवळच्या नाकाखाली धरायला सांगितलं. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग गेला. काचेतून ती त्याची पाठ पाहत होती. तो वाकला, फडकं नाकाखाली नेलं, तसंच धरून ठेवलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. शून्य. हिरवं. त्यानं मान वळवून हातानंच विचारलं, काय? तिनं नाही म्हणून मान हलवली.

श्रावणनं परत येऊन कोणाला न विचारता वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि शेड थांबवायचं लाल बटण दाबलं. घरघर उतरत गेली. सगळ्यांना वरच्या अंगाला, गेटापलीकडच्या लिंबाखाली जायला सांगितलं. फोन काढू नका, गाडी चालू करू नका, खटक्याला हात लावू नका. तेवढ्यात विक्कीच्या लक्षात आलं. शेडाची नाली कुंपणाच्या भिंतीखालून बाहेर निघते आणि भिंतीपलीकडे ट्रकांच्या आडोशाला ड्रायव्हर लोक स्टोव्ह मांडून भात शिजवत होते. तो पळाला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू येत राहिला, एकेका ट्रकाजवळ जाऊन, हात जोडून सांगणारा. एकजण त्याला म्हणाला, भात होऊ दे ना गड्या, मंग इझवतो. विक्कीनं पातेल्यातला भातच स्टोव्हवर उपडा केला.

पिंटूभाऊ आला तो तावातावानं. कोणाला विचारून बंद केलं, हा त्याचा पहिला प्रश्न. सत्यशीलानं सांगितलं. त्यानं ऐकलं, पण त्याला कुठंच काही दिसत नव्हतं. ऊन नव्हतं, वारा नव्हता, शेड जागच्या जागी.

"म्हंजे गॅस हाये असं तू म्हनून नाई राह्यली. आकडा दिसत नाई, येवढंच ना?"

"हो."

"मंग श्रावण, जाय बाप्पा, एक चक्कर मारून ये. पाह्य कुठं वास येते काय."

श्रावणनं दुपट्टा ओला केला आणि तोंडाला बांधला. त्याला नाही म्हणायची सवय नव्हती. त्याला वास येणार नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यालाही.

"तुमी जायचं नाई," सत्यशीला म्हणाली. मग पिंटूभाऊकडे वळून, "नाकं मी निजवले. आधी त्यायले जागं करू द्या. मंग कोन्ताई माणूस पाठवा."

पॅनेलची खोली शेडापासून वरच्या अंगाला होती. तिथं ती एकटी गेली. नव्यानं तेच नाव तयार केलं, त्याला तेच अधिकार दिले, प्रोग्रामला नवा पासवर्ड सांगितला. पासवर्ड एकदा चुकला. दुसऱ्यांदा घेतला. तिच्या पडद्यावरही नाकांची रांग दिसायची. बराच वेळ शून्यं तशीच होती. मग दारालगतचं नाक दोन झालं. मधलं नऊ. सतरा. शेवटचं, पंपाच्या खड्ड्यातलं, एकदम चौसष्ट, आणि भोंगा सुरू झाला.

तिनं खिडकीतून पाहिलं. श्रावण शेडाच्या पायऱ्यांवर उभा होता. पिंटूभाऊनं पुन्हा म्हटलं होतं म्हणा किंवा तो आपणहून निघाला होता म्हणा. भोंगा ऐकून तो तसाच थबकला, एक पाय वरच्या पायरीवर. मग मागे न वळता, तोंड शेडाकडेच ठेवून, एकेक पायरी उतरला, जसं कुत्र्यापासून माघारी सरतात.

पंपाची गळती अडवणारं सील गेलं होतं. दोन दिवस बंद राहून वाळलं असेल, नाहीतर आधीपासूनच गळत असेल. पाण्याचा फवारा लांबून सोडला. पुढे वारा सुटला आणि आकडे उतरत उतरत चारवर आले. पाऊस आलाच नाही. ड्रायव्हर उपाशी बसले. पिंटूभाऊनं सील बदलायला माणूस बोलावला आणि पॅनेलच्या खोलीच्या दारात आला. तोंड उतरलेलं होतं, पण ट्रक अजून उभेच होते.

"आता झाले ना नाकं जागे. सील बसलं का सुरू करू."

"भाऊ, हे एक नाव हारपलं ते मले समजलं, कारन ह्यायनं फोनवर सांगतलं. अजून काय हारपलं ते कोन सांगन?"

"चालू हाये ना सारं. चालू असल्याले कायले हात लावतं?"

सत्यशीला परत खुर्चीवर बसली. मग तिनं सर्व्हर पुन्हा दुरुस्तीच्या वाटेनं चालू केला आणि सकाळी शिवलेली फाइल त्याच्यादेखत पुसून टाकली. आता कारखान्यात एकाही माणसाची ओळख उरली नव्हती. पिंटूभाऊला ती काय करून बसली ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो ओरडला नाही. हंगाम सरला का बोलू, एवढंच म्हणाला, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

श्रावण बोरीला जाऊन डिस्क घेऊन आला. उन्हाळ्यातली प्रत बसली. तिनं या वेळी दुसरी तपासणीही केली, शेवटपर्यंत. संध्याकाळ होत आली तशी ती एकेका कंप्युटरजवळ जाऊन त्याची नव्यानं ओळख करून देऊ लागली. भिंतीपलीकडून एकेक ट्रक यवतमाळच्या दिशेनं निघून चालल्याचा आवाज येत होता. उन्हाळ्यानंतर लागलेली पोरं प्रतीत नव्हती. ती दारात येऊन उभी राहिली, आपापलं नाव सांगायला, आणि ती एकेकाला नोंदवत गेली.

ते आटोपल्यावर प्रतीतल्या जुन्या नावांवरून तिनं नजर फिरवली. यातलं कोण आता कामावर नाही, त्याला काढावं म्हणून. आणि एका नावाशी तिचा हात थांबला. प्रेमसिंग. तांड्यावरचा प्रेमसिंग, रसायनाच्या शेडातला ऑपरेटर. उन्हाळ्यात तो होता, म्हणून प्रतीतही होता, सगळ्या अधिकारांसकट, उद्या कामावर येणार असल्यासारखा. पावसाळ्यात एका दुपारी शेडात फेरी मारायला गेला तो चक्कर येऊन पडला. बाहेर आणेपर्यंत संपला होता. डॉक्टर म्हणाले हृदय. घरचे म्हणाले, उपासानं. त्याची बायको रुपीबाई गेटावर येऊन बसली होती, तिला मदत करून गाडीनं तांड्यावर पोचवलं. नाकं त्या दिवशी हिरवीच होती, म्हणून कोणी आणखी काही विचारलं नाही.

श्रावण तिच्या मागे उभा होता. त्यानं ते नाव वाचलं.

"थो कुठं पडला होता, ठाऊक हाये काय तुले?" तो म्हणाला.

तिला ठाऊक नव्हतं.

"पंपाच्या खड्ड्याजवळ. म्याच उचलला त्याले. जड झाल्ता."

नाकं त्या दिवशी खरोखर शून्य दाखवत होती, की तेव्हाही असंच काही झालं होतं, हे आता पाहायला फारसं काही उरलं नव्हतं. पावसाळ्यात तो आकड्यांचा प्रोग्राम केव्हा केव्हा आत शिरला याची जी काही नोंद होती ती तिनं दुपारी पुसून टाकलेल्या फाइलमध्ये होती, आणि तिनं बाजूला काढून ठेवलेल्या फाटक्या नकलेत. ती वाचता येईल की नाही, तिला माहीत नव्हतं.

बाहेरून पिंटूभाऊनं हाक दिली. सील बसलं होतं. झालं काय, माणसं शेडात पाठवू काय, असं तो विचारत होता.

"प्रेमसिंग अजून आत हाये," सत्यशीला म्हणाली.

श्रावणनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, मारोतीबुवांचं स्टूल पायानं ओढलं आणि तिच्याजवळ बसला.

"तू कर तुवं काम," तो म्हणाला. "आज मी नाई जात."

तिनं फाटकी नक्कल उघडायला घेतली.